शेळी खोकते तेव्हा

साहित्य मंडळाच्या अंकात शेळीचा खोकला कशाला, असं कोणीतरी विचारणारच. झालं असं, की एनएसएसच्या शिबिरासाठी आम्ही महूकडच्या एका गावात होतो. शेजारच्या घरी पाच शेळ्या, त्यातली एक खोकत होती. घरातल्या काकींनी तिचं तोंड वर ताणलं आणि बाटलीने हळद घातलेलं तेल पाजायला घेतलं. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजमध्ये शिकणारा माझा मित्र सोबत होता, त्याने घाईने त्यांना थांबवलं. मान अशी वर करून जबरदस्तीने ओतलेलं तेल श्वासनलिकेत उतरू शकतं आणि मग त्या औषधानेच न्यूमोनिया होतो. मला हे अजिबात ठाऊक नव्हतं.

त्याने आधी थर्मामीटर लावला. निरोगी शेळीचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, साधारण 102 ते 103 फॅरनहाइट, त्यामुळे नुसता हात लावून ताप कळत नाही. मग बरगड्यांकडे बघत श्वास मोजले. शांत उभी असलेली शेळी मिनिटाला 15 ते 30 श्वास घेते. मग ओठ उलटून हिरड्या पाहिल्या, शेवटी लेंड्या. खोकल्यासाठी लेंड्या कशाला, मी विचारलंच.

तर खोकला हा काही एकच आजार नाही. ताप नाही, खोकला जुना आणि शेळी वाळत चाललेली, तर फुफ्फुसात जंत असू शकतात. ते लेंडी तपासून कळतं आणि औषध जंताचं लागतं. पावसात भिजल्यावर किंवा लांबच्या प्रवासानंतर अचानक ताप, धाप आणि घट्ट पिवळा शेंबूड आला, तर बहुधा जिवाणूंचा न्यूमोनिया. पण तापासोबत डोळ्यांना चिपडं, हिरड्यांवर फोड आणि मागोमाग हगवण असेल, तर पीपीआरची भीती. हा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या कुळातला. भारतात तो प्रथम 1987 मध्ये तमिळनाडूत आढळला. बुळकांडी 2011 मध्ये जगातून संपली. पीपीआर संपवायला 2030 चं लक्ष्य ठेवलंय.

आणि आपल्याकडे सगळ्यांवर उपाय एकच, दुकानातून आणलेलं इंजेक्शन! अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. पीपीआरमध्ये ते देतात ते मागून शिरणाऱ्या जिवाणूंसाठी. खरा बचाव लशीचा, एका डोसाने साधारण तीन वर्षांचा. मायकोप्लाझ्मामुळे होणाऱ्या सांसर्गिक फुफ्फुसदाहाची तर गंमतच आहे. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही, पण मायकोप्लाझ्माला भिंतच नसते. तिथे टेट्रासायक्लिन किंवा टायलोसिनसारखं औषध लागतं. कोणतं, किती आणि किती दिवस, शिवाय तोवर दूध प्यायचं की नाही, हे डॉक्टरांनाच विचारायचं.

काकींच्या शेळीला 105 ताप होता, तोंड मात्र स्वच्छ. 1962 वर फोन केला. डॉक्टर येईपर्यंत तिला बाकीच्या चौघींपासून वेगळं बांधलं. थंडी म्हणून गोठा चारी बाजूंनी ताडपत्रीने बंद केला होता. आत मूत्राच्या वासाने माझेच डोळे चुरचुरले. तो वास म्हणजे अमोनिया, तोही फुफ्फुसं कमजोर करतो. वारा थेट अंगावर येणार नाही, पण वरून हवा खेळेल, अशी ताडपत्री आम्ही अर्धी खाली घेतली.

डॉक्टरांचा अंदाज जिवाणूंच्या न्यूमोनियाचाच निघाला. पाच दिवस इंजेक्शनं चालली, तिसऱ्या दिवशी शेळी पाला खाऊ लागली. निघताना काकींनी मित्राला विचारलं, मागच्या महिन्यात एक करडू गेलं, त्यालाही तेल पाजलं होतं, त्यानेच गेलं का? तो म्हणाला, आता नाही सांगता येणार, काकी.