अजगर आठवतो, पण बूट कुठले होते?

मिलिंद सोमण, मधू सप्रे आणि अजगर. एवढं म्हटलं की चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे ते कृष्णधवल छायाचित्र लख्ख उभं राहतं. दोघं एकमेकांना बिलगलेली, अंगावर सूतभर कापड नाही, दोघांना मिळून अजगराचा विळखा, आणि पायांत बूट. १९९५ साली ही जाहिरात आली आणि मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. सगळे निर्दोष सुटले ते थेट २००९ मध्ये, म्हणजे १४ वर्षांनी! अजगर वापरला म्हणून वन्यजीव कायद्याखाली झालेलं प्रकरण आणखी निराळं.

आता ओळखीच्या चारजणांना विचारा, बूट कुठल्या कंपनीचे होते? ‘टफ’ हे नाव सांगताना बरेचजण अडखळतील.

यात त्यांचा दोष नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा जाहिरातींवरचे ७८ अभ्यास एकत्र तपासून २०१७ साली निष्कर्ष मांडले. उघडं अंग दाखवलेली जाहिरात जास्त लक्षात राहते, हे खरं. पण ब्रँडचं नाव काही जास्त लक्षात राहत नाही, आणि वस्तू घ्यावीशी वाटणं तर मुळीच वाढत नाही. पुरुषांना अशा जाहिराती आवडतात, बायका नाक मुरडतात. आता घरचं सामान कोण आणतं, ते सांगायला नकोच.

युक्ती मात्र जुनी, टीव्हीच्याही कितीतरी आधीची. १८७१ साली अमेरिकेत ‘पर्ल’ तंबाखूच्या वेष्टनावर विवस्त्र तरुणी होती. तंबाखूशी तिचा काय संबंध, हे कुणी विचारलं नसावं! १९११ मध्ये ‘वुडबरी’ साबणाने नवी वाट धरली: हा साबण वापरा, तुमच्या त्वचेला स्पर्श करावासा वाटेल. ही जाहिरात लिहिली होती एका बाईने, हेलन लॅन्सडाउन यांनी.

आपल्याकडे ‘लक्स’च्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय तारका म्हणजे आपल्या लीला चिटणीस, साल १९४१. त्यानंतर नट्यांची रांग लागली. २००५ मध्ये पाकळ्यांनी भरलेल्या टबात चक्क शाहरुख खान बसला!

पण माझी सगळ्यात आवडती जाहिरात ‘लिरिल’ साबणाची. १९७५च्या सुमाराची. कोडाईकनालचा धबधबा, हिरवी बिकिनी, पाण्याखाली मनसोक्त भिजणारी कॅरन लुनेल. त्या काळात थिएटरच्या पडद्यावर बिकिनी म्हणजे केवढं धाडस! तरी ते दृश्य ओशाळवाणं वाटत नाही, कारण ती कुणाला दाखवण्यासाठी भिजत नाही. जाहिरातीमागचा विचार जाहिरातकार अलेक पदमसी सांगत असत: दिवसभर नवरा, मुलं, सासू-सासरे यांच्या दिमतीला असलेल्या बाईला स्वतःची अशी दहा मिनिटं मिळतात ती न्हाणीघरात. दार लावलं की ती तिची. तो धबधबा म्हणजे त्या बंद दारामागचं स्वप्न. म्हणून इथे देह आणि साबण एकमेकांपासून सुटे होत नाहीत. कोडाईकनालच्या त्या पांबार धबधब्याला आजही लोक ‘लिरिल फॉल्स’ म्हणतात.

२००८ साली ‘स्लाइस’ने आंब्याच्या पेयासाठी ‘आमसूत्र’ काढलं. कतरिना कैफ, मिटलेले डोळे, ओठांवर रस. हापूसची फोड तोंडात गेली की आपलेही डोळे मिटतातच, तेव्हा कल्पना अगदीच ओढूनताणून आणलेली नव्हती. पण आंब्याला एवढ्या शृंगाराची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं. कोपरापर्यंत ओघळलेला रस चाटणारं पोर दाखवलं तरी माणूस उठून बाजारात जाईल.

मला खटकतं ते वेगळंच. शृंगाराने ओथंबलेलं आंब्याचं पेय टीव्हीवर भरदिवसा चालतं. डिसेंबर २०१७ मध्ये मात्र सरकारने वाहिन्यांना सांगितलं, कंडोमच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ याच वेळेत दाखवा. हे बंधन फक्त उत्तान जाहिरातींना आहे, असा खुलासा नंतर झाला. पण मुळात ही वस्तू लपवायची का? १९६८ साली याच देशात सरकारने ‘निरोध’ आणला, तेव्हा तो गावोगाव पोचवायचं काम चहा, साबण आणि सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर सोपवलं होतं. किराणा दुकानात, चहाच्या पुड्यांशेजारी, १५ पैशांना तीन.