चाकातली खरखर कुठून येते?

सोलापुरात नवी पेठेच्या गर्दीत गाडी दुसऱ्या गिअरवर रेंगाळली की चाकातून खर्र-खर्र आवाज येतो. तीच गाडी पुणे महामार्गाला लागून ऐंशीला पोचली की आवाज गायब. मालकाला वाटतं, गाडी मोकळी झाली. आवाज मात्र तसाच असतो, वाऱ्याच्या आणि टायरच्या घोंघाटात तो फक्त बुडतो. चाकाचं दुखणं पकडायचं तर ते हळू चालतानाच.

सकाळी रस्ता रिकामा असताना, रेडिओ-एसी बंद आणि काचा खाली करून, एखाद्या लांब कंपाउंड भिंतीलगत वीसच्या वेगाने गाडी न्या. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, म्हणून आधी डाव्या आणि मग उजव्या बाजूला भिंत ठेवून ऐकलं की बाजू कळते. आता ब्रेक हलकेच दाबा. खरखर वाढली, बदलली की जशीच्या तशी राहिली, यावर निम्मं निदान होतं.

ब्रेकला पाय न लावताच, काल नसलेला पत्रा खरवडल्यासारखा आवाज आज अचानक सुरू झाला असेल, तर पहिला संशय खडीवर घ्यावा. उकरलेल्या रस्त्यांच्या शहरात तर नक्कीच. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं कव्हर असतं. त्या फटीत बोटाच्या पेराएवढा खडा अडकला तरी सगळी गल्ली वळून बघते. गाडी चार हात मागे-पुढे केली की बरेचदा तो पडून जातो. खड्ड्यात आपटून कव्हरच वाकलं असेल, तर डिस्क थंड झाल्यावर मिस्त्री ते स्क्रूड्रायव्हरने सरळ करून देतो. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीची सकाळची पहिली खरखर म्हणजे डिस्कवरचा गंज. चार-पाच ब्रेकमध्ये तो निघून जातो, त्याची काळजी नको.

ब्रेक दाबल्यावरच खरखर येत असेल, तर मात्र गोष्ट गंभीर आहे. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. बऱ्याच पॅडना एक छोटी लोखंडी पट्टी असते. थर झिजला की ती डिस्कला टेकून ‘किंऽऽ’ करते. ही सूचना असते, आणि तेव्हा फक्त पॅडवर भागतं. तिकडे कानाडोळा केला की किंकाळीची खरखर होते, म्हणजे लोखंडावर लोखंड घासू लागतं. मग डिस्कवर नख अडकेल इतक्या खोल रेघा पडतात आणि पॅडबरोबर डिस्कही जाते.

इथे एक फसगत होते. चाकाच्या जाळीतून डोकावून ‘पॅड तर चांगले आहेत’ म्हणतात, पण तिथून दिसतो तो बाहेरचा पॅड. सोलापूरच्या धुळीने कॅलिपरच्या पिनांचं ग्रीस सुकलं आणि पिन जाम झाली, की आतला पॅड एकटाच झिजत राहतो. म्हणून चाक काढायला लावाच. मागे ड्रम असेल तर तोही उघडायला सांगा. आत लायनरची भुकटी साचलेली असते. पॅड बदलताना दोन्ही बाजूंचे जोडीने बदला. एकाच बाजूचे बदलले, तर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते.

बेअरिंगचं वेगळं. त्याला ब्रेकशी देणंघेणं नसतं. आधी वेगाबरोबर चढणारी घरघर येते. डावीकडे वळताना ती वाढली, तर सहसा उजव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं, कारण वळताना भार त्या बाजूला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. अशा पाण्यातून गेलेल्या गाड्यांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरलं की ग्रीस निकामी होतं आणि आवाज काही आठवड्यांनी उमटतो. तोवर गाडी पाण्यातून नेली होती हे मालक विसरून गेलेला असतो. मिस्त्रीला ते आवर्जून सांगा. हळू चालतानाही बेअरिंग खरखरत असेल, तर ते शेवटाला आलं आहे.

पूर्ण वळणावर ‘कट-कट’ वाजलं तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट बघावा. गाडी थांबता थांबता पेडल थरथरून घर्र झालं, तर एबीएसचा सेन्सर किंवा त्याची रिंग गंजली असण्याची शक्यता असते. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे ही तक्रार आता छोट्या गाड्यांतही दिसते. सुरू केल्यावर पहिल्या काही मीटरांत एकदाच होणारी छोटी घर्र मात्र बहुधा त्या यंत्रणेची स्वतःची तपासणी असते.

तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूरला निघायच्या आदल्या दिवशी एकदा भिंतीलगत गाडी चालवून ऐका. ब्रेक दाबताना लोखंड घासल्याचा आवाज आला, तर ‘गॅरेजपर्यंत जाईल’ म्हणून गाडी काढू नका. मिस्त्रीला घरी बोलवा.