सेसिल ट्रॅव्हिस: चुकलेलं टायमिंग

अमेरिकन बेसबॉलचा १९४१ चा हंगाम म्हटला की दोन नावं हमखास निघतात. सलग ५६ सामन्यांत हिट मारणारा जो डिमॅजिओ आणि ०.४०६ सरासरीचा टेड विल्यम्स. पण त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे २१८ हिट मारले ते वॉशिंग्टन सेनेटर्सच्या सेसिल ट्रॅव्हिसने. सरासरी ०.३५९, डिमॅजिओपेक्षा कणभर सरसच. (इथे दहा वेळांत तीन हिट जमले तरी फलंदाज उत्तम समजला जातो.)

जॉर्जियातल्या रिव्हरडेलचा हा डावखुरा फलंदाज १९३३ मध्ये आला तो पहिल्याच सामन्यात पाच हिट मारून. कधी तिसऱ्या बेसवर, कधी शॉर्टस्टॉपला खेळला. संघ बहुधा तळाकडे, त्यामुळे गवगवा बेताचाच.

जानेवारी १९४२ मध्ये तो सैन्यात गेला. अठ्ठाविसाव्या वर्षी, ऐन भरात. आधी छावण्या, मग ७६ व्या इन्फंट्री डिव्हिजनबरोबर युरोप. तिथल्या हिवाळ्यात त्याच्या पायांना हिमदंश झाला आणि इस्पितळ गाठावं लागलं.

सप्टेंबर १९४५ मध्ये तो परतला तेव्हा सेनेटर्स चक्क विजेतेपदाच्या शर्यतीत होते. सरावाला उसंत कुठली? पंधरा सामने, सरासरी ०.२४१. संघ डेट्रॉइटच्या दीड सामना मागे राहिला. पुढच्या वर्षी ०.२५२, १९४७ मध्ये ०.२१६ आणि निवृत्ती. युद्धाआधीची सरासरी होती ०.३२७.

हिमदंशाने कारकीर्द संपवली, ही कथा सांगायला सोपी आणि ऐकायलाही बरी. खुद्द ट्रॅव्हिसला ती मान्य नव्हती. पाय बरे होते, टायमिंग गेलं होतं, असं तो सांगायचा. मला त्याचंच म्हणणं पटतं. चेंडू बॅटवर येईपर्यंतचा अर्धा सेकंदसुद्धा न मिळणाऱ्या खेळात जवळपास चार हंगाम बुडाले, तर दुसरं कारण शोधायला कशाला हवं? विल्यम्सचेही तीन हंगाम युद्धात गेले आणि तो परतल्यावर पूर्वीसारखाच तळपला, हे खरं. पण विल्यम्स हा अपवाद होता, त्याच्या मापाने इतरांना मोजणं अन्यायाचं.

ऑगस्ट १९४७ मध्ये वॉशिंग्टनला ट्रॅव्हिसचा सत्कार झाला, त्याला जनरल आयझेनहॉवर हजर होते. नंतर त्याने संघासाठी नवे खेळाडू हेरले, रिव्हरडेलला गुरं पाळली. २००६ मध्ये तो वारला तोपर्यंत हॉल ऑफ फेमने त्याला दार उघडलं नव्हतं.