ग्रंथपालाची प्रश्नवही

रत्नागिरी शहरात 1828 साली, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्या एकोणतीस वर्षे अगोदर आणि लोकमान्य टिळकांचा याच गावी जन्म होण्याच्या अठ्ठावीस वर्षे अगोदर, जे वाचनालय स्थापन झाले व जे आज रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय या नावाने चालू आहे, त्याची गणना महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत होते. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आणि शेजारच्या सावंतवाडीचे, 1852 साली स्थापन झालेले श्रीराम वाचन मंदिर हीही त्याच शतकातली. एवढी जुनी परंपरा असलेल्या या मुलुखात ग्रंथालयांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा संस्थापक, देणगीदार, इमारत आणि ग्रंथसंख्या यांविषयी असते. देवघेवीच्या मेजामागे बसलेली व्यक्ती नोकरीस लागल्यानंतर पुढे काय शिकते, आणि न शिकल्यास वाचकाचे कोणते नुकसान होते, याची चर्चा कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तांत क्वचितच आढळते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 सालचा. त्याच्या आधारे शासन संस्थांना मान्यता देते, त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी ठरविते आणि त्या वर्गवारीप्रमाणे अनुदान देते. ग्रंथपालाने प्रमाणपत्र किंवा पदवी संपादन केली, नेमणूक झाली, की औपचारिक शिक्षणाचा अध्याय बहुधा तेथेच संपतो. खेड्यातल्या वाचनालयात तर ग्रंथपाल हाच शिपाई, हाच लेखनिक आणि हाच खजिनदाराचा मदतनीस. दार उघडणे, झाडलोट, वर्गणीच्या पावत्या, दाखलनोंद वही, वर्तमानपत्रांच्या फायली आणि तपासणीच्या वेळी लागणारे सारे दप्तर एकाच्या, अलीकडे पुष्कळ ठिकाणी एकीच्या, अंगावर असते आणि मानधन इतके तुटपुंजे की त्याचा उल्लेख करतानाही संकोच वाटावा. अशा माणसाला ‘व्यावसायिक विकास करा’ असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु त्यासाठी वेगळा वेळ व वेगळा पैसा मागणारी कोणतीही योजना येथे टिकणार नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. जे शिकायचे ते रोजच्या कामाच्या पोटातूनच निघाले पाहिजे, आणि ते तसे निघते, असे माझे मत आहे.

या व्यवसायाच्या शिक्षणाचा आपल्या देशातला आरंभ एका मराठी राजाच्या आश्रयाने झाला, ही गोष्ट येथे सहज आठवते. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि त्याने दुसऱ्याच वर्षी तेथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग उघडला. परंतु वर्गात बसून मिळते त्याहून निराळ्या प्रकारच्या शिक्षणाचे उदाहरण पाहावयाचे तर ते डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे. गणिताचे हे अध्यापक 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्या शांत, निरुद्योगी खुर्चीत त्यांचा जीव रमेना, आणि पुन्हा महाविद्यालयात शिकवावयास जाण्याची त्यांनी खटपटही केली; पुढे शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले तेव्हा पाठ्यक्रमाबरोबरच त्यांनी तेथील शंभरांहून अधिक ग्रंथालये हिंडून पाहिली, आणि एक ग्रंथालय वाचकाला काय देते व दुसरे का देत नाही, याची तुलना करता करताच त्यांची या विषयावरील दृष्टी घडली. त्यांचा जन्मदिवस, 12 ऑगस्ट, आता ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी तसबिरीला हार पडतो, दोन भाषणे होतात, चहापान होते. रंगनाथनांप्रमाणे दुसऱ्या कोणाचे ग्रंथालय पाहून येण्याची कल्पना मात्र त्या दिवशी कोणाला सुचत नाही.

आता मुख्य सवयीकडे वळतो. ग्रंथपालाने मेजावर एक साधी, रेघांची, शाळकरी पोरे वापरतात तसली वही ठेवावी, आणि तीत ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला तत्काळ देता आले नाही असा प्रत्येक प्रश्न नोंदवावा. तारीख, वाचकाने विचारला त्याच शब्दांत प्रश्न, थोडे बोलल्यानंतर उमगलेली त्याची खरी गरज, आपण कोठे शोधले, आणि शेवटी कोठे मिळाले किंवा मिळाले नाही, एवढेच रकाने पुरेत. वाचकाचे नाव लिहू नये. कोण काय वाचतो याची टिपणे ठेवणे हे ग्रंथपालाचे काम नव्हे. ‘विचारलेला प्रश्न’ आणि ‘खरी गरज’ हे दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवावेत, कारण कसबी ग्रंथपालाची सारी कला या दोहोंमधल्या अंतरात असते. एखादे वयस्क गृहस्थ ‘खोतीवरचे पुस्तक आहे का’ असे विचारतात. त्यांना कदाचित डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई कायदेमंडळात आणलेल्या विधेयकाविषयी वाचावयाचे असते, कदाचित खोती नाहीशी करणाऱ्या 1949 च्या कायद्याचा मसुदा पाहावयाचा असतो, आणि कदाचित यांपैकी काहीच नसून आपल्या आजोबांच्या नावे असलेल्या वरकस जमिनीच्या जुन्या कागदातला एखादा शब्द तेवढा समजून घ्यावयाचा असतो. पहिल्या प्रश्नाला कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाकडे बोट दाखवून मोकळे होणारा ग्रंथपाल आणि ‘आपल्याला नेमके कशासाठी हवे आहे, आजोबा?’ असे विचारणारा ग्रंथपाल यांच्या पदव्या एकच असू शकतात.

रत्नागिरीत असे प्रश्न कमी पडत नाहीत. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा 1886 पासून 1916 साली मृत्यू येईपर्यंत येथे कसा राहिला, हे पर्यटकापासून पीएच. डी.च्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना हवे असते. सावरकरांच्या 1924 ते 1937 या स्थानबद्धतेच्या काळातील रत्नागिरीचे सामाजिक जीवन, किंवा 1931 सालचे पतितपावन मंदिर, हे विषय शाळांच्या प्रकल्पांत वारंवार येतात. उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू येथील जांभ्याच्या सड्यांवर खोदलेली कातळशिल्पे 2022 साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्यापासून त्यांच्याविषयीची पृच्छा वाढावी हे स्वाभाविकच; आणि हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर त्या नोंदणीचा आपल्या बागेला उपयोग काय, असे विचारत येणारा बागायतदारही वाचकच असतो, मग तो वर्षानुवर्षे सभासद नसला तरी चालेल. महिनाअखेर अर्धा तास काढून ही वही चाळली म्हणजे आपल्या संग्रहातील भोके आपोआप दिसू लागतात. पुस्तक निवड समितीपुढे ‘वाचकांची मागणी आहे’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘कातळशिल्पांवर या तिमाहीत इतके प्रश्न आले आणि आपल्याकडे एकही ग्रंथ नाही’ असे वहीच्या दाखल्याने सांगता येते, आणि समितीतले वजनदार सद्गृहस्थसुद्धा अशा दाखल्यापुढे थोडे नरमतात.

ज्या प्रश्नांची उत्तरे सापडली त्यांच्यापासून दुसरी सवय निघते, ती म्हणजे आपल्याच कपाटांचे अध्ययन. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी व सावंतवाडी यांविषयीचा, 1880 साली निघाला. त्याची सुधारलेली आवृत्ती 1962 ची. पुष्कळ जुन्या वाचनालयांत हे खंड असतात आणि कुलूपबंद असतात. त्यांत बंदरे, मासेमारी, जमीन महसूल, देवस्थाने, बाजाराचे वार कोणत्या प्रकरणांत आले आहेत, हे ज्याला ठाऊक आहे तो इंग्रजी न येणाऱ्या वाचकालाही आवश्यक तेवढा मजकूर पाच मिनिटांत सांगू शकतो. रोज पंधरा मिनिटे, वाचक विरळ असतील त्या वेळी, एकाच फळीसमोर उभे राहून पाच-सहा पुस्तकांची प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि शेवटची सूची पाहावी. पुस्तक पूर्ण वाचण्याचा मोह टाळावा, कारण तो मोह या व्यवसायातला सर्वांत प्रतिष्ठित आळस आहे. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी पुस्तकांची, आणि पुढील भागात 1950 पर्यंतच्या पुस्तकांची जी ग्रंथसूची सिद्ध केली, ती ठिकठिकाणची ग्रंथालये धुंडाळून, पुस्तके प्रत्यक्ष हाताळून. तेवढ्या तपश्चर्येची अपेक्षा कोणाकडून करू नये. पण आपल्या तालुक्यातील लेखकांची, आपल्या गावात छापलेल्या स्मरणिकांची, बंद पडलेल्या साप्ताहिकांची चार पानी सूची कोणत्याही ग्रंथपालाला वर्षाकाठी करता येईल, आणि ती दुसऱ्या कोणाला करता येणार नाही.

वर्गीकरणातही असाच अभ्यास दडलेला आहे. दशांश पद्धतीत मराठी साहित्याला 891.46 हा क्रमांक मिळतो, तेथे अडचण नाही. पण कातळशिल्पांवरचे पुस्तक कलेच्या सातशेत ठेवावे की इतिहासाच्या नऊशेत, याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा असतो, आणि धर्माच्या दोनशे ते तीनशेमधला बहुतेक मुलूख मेल्व्हिल ड्युईने 1876 साली आपल्या समाजाच्या समजुतीप्रमाणे ख्रिस्ती धर्मास देऊन टाकल्यामुळे हिंदू धर्मावरची आपली शेकडो पुस्तके 294.5 च्या एका लहानशा वाड्यात दाटीने कोंबावी लागतात. असा पेच पडला की काय ठरविले आणि का ठरविले, हे एका ओळीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच विषयाचे दुसरे पुस्तक निराळ्या कपाटात जात नाही. संगणकावर तालिका करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 1962 साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. सबब त्यापूर्वीच्या ग्रंथांची नावे मुखपृष्ठावरील टिंबांसह जशीच्या तशी भरली तर आजच्या लेखनाने शोधणाऱ्या वाचकाला ती सापडत नाहीत. दोन्ही रूपे नोंदवावीत. ‘कोहा’ किंवा ‘ई-ग्रंथालय’ यांसारख्या प्रणाली हे काम करू देतात. परंतु कोणते रूप भरावयाचे हे प्रणालीला कळत नाही.

पाण्याविषयी मात्र कोकणातल्या ग्रंथपालाने अमळ अधिक शिकून ठेवणे भाग आहे. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, वाळवी, कसर आणि बुरशी यांचा येथे नित्याचा पहारा. त्यात चिपळूणला 2005 आणि 2021 या दोन्ही वर्षांच्या जुलैत आलेल्या महापुरांनी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील ग्रंथसंपदेची मोठी हानी केली. 1966 साली आर्नो नदीच्या पुराने इटलीतील फ्लॉरेन्सचे राष्ट्रीय ग्रंथालय चिखलात बुडाले, त्यानंतर जगभर या विषयाचा पद्धतशीर अभ्यास झाला. त्यातले साधे ज्ञान असे की भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, गुळगुळीत कागदाची पाने वाळताना परस्परांस कायमची चिकटतात, ओले पुस्तक उन्हात पसरून ठेवणे हा उपाय नसून अपाय आहे, आणि सारीच पुस्तके एकदम वाळविणे शक्य नसेल तर ती गोठवून ठेवल्यास बुरशी थांबते व पुढे सवडीने थोडी थोडी काढून वाळविता येतात. आता रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरालगत मासळीसाठी शीतगृहे आहेत. एखाद्या शीतगृहाच्या मालकाशी मे महिन्यात ओळख करून घेणे आणि प्रसंग पडल्यास कोपऱ्यात जागा देण्याची तजवीज बोलून ठेवणे, हा कोणत्याही पाठ्यक्रमात न सापडणारा पण माझ्या दृष्टीने अव्वल दर्जाचा व्यावसायिक विकास होय. पुस्तकांना बांगड्यांचा वास लागेल ही शंका रास्त आहे. म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधूनच न्यावीत.

परस्परांच्या भेटींविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनास जावे, पण भाषणांपेक्षा मधल्या सुटीत अधिक शिकावे. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकास गेल्यास तेथला कवितासंग्रहांचा संग्रह कसा मांडला आहे ते पाहावे. 2013 चे अखिल भारतीय साहित्य संमेलन चिपळूणच्या वाचनालयाने कसे पार पाडले, ते तेथल्या जुन्या कार्यकर्त्यांना विचारावे. परत आल्यावर आपल्याकडे करण्यासारखी एकच गोष्ट निवडावी.

राहता राहिला वहीच्या मालकीचा प्रश्न. पुष्कळ ग्रंथपाल अशी टिपणे खाजगी समजून निवृत्त होताना घरी नेतात, आणि तीस-पस्तीस वर्षांत जमलेले ज्ञान माळ्यावरच्या ट्रंकेत जाते. प्रश्नवही भरली की तिच्यावर साल घालावे, तिला रीतसर दाखल क्रमांक द्यावा आणि ती संदर्भ विभागात गॅझेटियरशेजारी ठेवावी. नवीन येणाऱ्या ग्रंथपालाने पहिल्या आठवड्यात दुसरे काही न वाचता त्या वह्या वाचाव्यात, असा ठराव कार्यकारी मंडळाने करून तो इतिवृत्तात नमूद करावा.