मुलीला एकदा विद्यापीठ दाखवून आणा

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की आपले बेत ठरलेलेच असतात. माहेर, कुणाचं तरी लग्न, आणि जमलंच तर देवदर्शन. आमच्या वरवट बकालहून शेगाव जवळ, त्यामुळे महाराजांचं दर्शन वर्षातून तीनचारदा घडतंच. ते घडावंच. पण यंदा त्या यादीत आणखी एका जागेची भर घाला, एवढंच सांगायला आज लिहिते आहे. ती जागा म्हणजे विद्यापीठाचं आवार.

तुम्ही म्हणाल, "अहो, तिथं आपलं काय काम?" मी शाळेत अर्धवेळ शिकवते. आठवीतली एक मुलगी गणितात फार हुशार. तिच्या आईला मी विचारलं, पुढे हिला काय करायचं? त्या म्हणाल्या, "बाई, आधी दहावी तर होऊ द्या. ते विद्यापीठ काय असते, तिनं बी नाही पाह्यलं अन् म्या बी नाही." हे उत्तर माझ्या मनातून जाईना. जी जागा डोळ्यांनी कधी पाहिलीच नाही, तिथं जायची आस मुलीनं धरावी तरी कशी?

दिवाळीत नणंदेकडे पुण्याला जाणं झालं, शेगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं. एक सकाळ काढून आम्ही दोघी मुलांना घेऊन गणेशखिंडीतल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात गेलो. चारशे एकरांहून मोठं आवार! थोरले वड, लोंबणाऱ्या पारंब्या, सावलीचे लांबच लांब रस्ते, आणि मुख्य इमारतीपुढची हिरवळ. आपल्याकडच्या उन्हात वाढलेल्या डोळ्यांना ती हिरवाई पाहूनच थंडावा वाटतो.

पण नुसती झाडं पाहून परत फिरू नका. या जागेची गोष्ट मुलींना जरूर सांगा. ही उंच मनोऱ्याची इमारत मुळात विद्यापीठासाठी बांधलेलीच नव्हती. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६४ साली, गव्हर्नरांच्या निवासासाठी तिचं काम सुरू झालं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि आपल्या वऱ्हाडचा कापूसही त्याच बाजारात जात होता. इथल्या बायका उन्हात कापूस वेचत होत्या, तेव्हा तिथं हा वाडा उभा राहत होता. त्याच्या फाटकातून आत पाऊल टाकायची त्यांची काय बिशाद!

पुढे १८९७ साल उजाडलं. पुण्यात प्लेगनं थैमान घातलं होतं. रोगी शोधायला गोरे सोल्जर घराघरांत शिरत, अगदी देवघरात अन् माजघरातही. लोक संतापले होते. २२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ याच वाड्यात झाला, आणि तिथून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हे शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेलं असतं. पण त्याच साली, त्याच प्लेगात, १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. रोग्यांची सेवा करता करताच त्यांना प्लेग झाला होता. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून शेणमाती अंगावर झेलणारी ही बाई.

आता पाहा काळ कसा फिरतो ते. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झालं, बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि गव्हर्नरांचा वाडा विद्येचं घर झाला. २०१४ साली त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं. हे सांगितल्यावर माझी लेक थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हे आपलंच झालं ना, आई?" तुमच्या मुलीलाही एकदा असं म्हणता यायला हवं, नाही का?

विद्यापीठाची बाग सर्वांची असावी, हा विचार दूरदेशीही दिसतो. माझ्या मामेबहिणीची लेक डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरात शिकते. तिथलं विद्यापीठ १९२८ साली, बऱ्याच अंशी गावकऱ्यांच्या हौसेनं सुरू झालं. वीटभट्टीवाल्यांनी तर पिवळ्या विटा दान दिल्या. उतारावर विटांच्या साध्या इमारती, मधोमध हिरवळ आणि तळी. सोरेन्सेन नावाच्या उद्यानतज्ज्ञानं तिथं वाढलेली झाडं आणून लावण्याऐवजी ओकच्या बिया पेरल्या. आज त्यांचे मोठाले वृक्ष झालेत. बाबागाडी घेतलेल्या आया, म्हातारी माणसं, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं, सारी एकाच हिरवळीवर. बी पेरणाऱ्याला सावली मिळतेच असं नाही, पण नातवंडांना मिळते. मुलींच्या शिक्षणाचंही तसंच आहे, बरं का!

आता कामाच्या चार गोष्टी. जायच्या आधी प्रवेशाची वेळ आणि नियम विचारून घ्या. सकाळी लवकर निघा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि भरपूर पाणी बरोबर ठेवा. परवानगी असेल तिथंच बसा आणि कचरा पिशवीत भरून परत आणा. मुलीच्या हातात एक वही द्या आणि दिसतील त्या विभागांच्या पाट्या लिहून काढायला सांगा. विज्ञानाची आवड असेल तर याच आवारात 'आयुका' ही डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेली खगोलसंस्था आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, तिथं सर्वांसाठी कार्यक्रम असतात. एखादी विद्यार्थिनी भेटली तर तिच्याशी बोला. 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून शिकणारी मुलं कशी राहतात, ते ऐकण्यासारखं असतं. आणि घरच्यांना हेही सांगा, की आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२४ साली घेतला आहे. अटी मात्र नीट वाचा.

पुणं लांब वाटत असेल, तर अकोल्याला १९६९ पासूनचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. अमरावतीला संत गाडगे बाबांच्या नावाचं विद्यापीठ १९८३ पासून आहे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातली महाविद्यालयं त्यालाच जोडलेली. शेगावहून दोन्हीकडे दिवसभरात जाऊन येता येतं.

त्या हुशार मुलीच्या आईला मी हे सारं सांगितलं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका रविवारी आम्ही दोघी आपापल्या लेकींना घेऊन अकोल्याला जाणार आहोत. तुम्हीही शेजारणीला विचारून पाहा. भिशीच्या दिवशी विषय काढलात, तर चारपाच जणी सहज तयार होतील!