लकी ड्रॉचं कार्ड कोर्टात का चालत नाही

गैरसमज : बाँडवर लिहून घेतलं, नोटरी केली, म्हणजे व्यवहार पक्का.

वस्तुस्थिती : छत्रपती संभाजीनगरात अदालत रोडवर नोटरीचा शिक्का मिळायला वेळ लागत नाही. पण शिक्क्यामुळे फार तर सही कोणाची हे सिद्ध होतं. बेकायदा व्यवहार कायदेशीर होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ प्रमाणे ज्या कराराचा उद्देशच कायद्याने निषिद्ध आहे, तो मुळातच रद्द. मग बाँड पाचशेचा असो की पाच हजारांचा.

गैरसमज : आमची ती लॉटरी नाही, हप्त्यांची स्कीम आहे.

वस्तुस्थिती : त्या स्कीमचं कार्ड नीट पाहा. पुढच्या बाजूला महिन्यांच्या चौकटी, प्रत्येकीत हप्ता मिळाल्याची सही. मागे बारीक अक्षरांत नियम : ‘सोडतीत गाडी लागल्यास पुढील हप्ते माफ’. तो एक नियमच सगळं सांगून जातो. चिठ्ठी काढून काही सभासदांना बक्षीस द्यायचं, मग पुढचे हप्ते माफ असोत वा नसोत, यालाच १९७८ चा केंद्रीय कायदा ‘प्राइझ चिट’ म्हणतो आणि त्यावर बंदी घालतो. अशी योजना चालवणंच नव्हे, तिचं सभासद होणं आणि तिच्यासाठी पैसे देणं-घेणंही कलम ३ ने मना केलं आहे. परवानगीशिवाय लॉटरीचं कार्यालय चालवणं हा वेगळा गुन्हा : पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९४-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९७.

म्हणून ‘मला गाडी लागली, ती द्यायला लावा’ असा दावा न्यायाधीशासमोर येतो, तेव्हा त्याला बंदी असलेलीच योजना पुरी करून द्यायला सांगितलेलं असतं. ते कोर्ट करणार नाही. १७२५ मध्ये इंग्लंडमध्ये दोन वाटमारे लुटीच्या हिशोबावरून कोर्टात गेले होते. दावा तर फेटाळलाच, वर वकिलांनाही दंड झाला. तत्त्व तेव्हापासून बदललेलं नाही.

गैरसमज : सरकार स्वतः लॉटरी चालवतं, मग आमच्यावरच का?

वस्तुस्थिती : महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, ती कायद्याच्या चौकटीत. खासगी माणसाला त्यावरून हक्क मिळत नाही. चमारबागवाला प्रकरणात १९५७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे.

गैरसमज : मी तर फक्त हातउसने दिले, माझे पैसे बुडणार नाहीत.

वस्तुस्थिती : इथे बारकावा आहे. साधी पैज करार कायद्याच्या कलम ३० खाली रद्द असली तरी बेकायदा नाही, असं घेरूलाल पारख खटल्यात (१९५९) ठरलं. त्यामुळे तिच्यासाठी दिलेलं कर्ज एरवी वसूल होऊ शकतं. जुन्या मुंबई इलाख्यात मात्र १८६५ च्या कायद्याने तीही वाट बंद केली होती. बेकायदा लॉटरी ही नुसती पैज नव्हे, गुन्हा आहे. ती चालवायला जाणूनबुजून पैसे दिले, तर कर्जही कलम २३ मध्ये अडकतं. बक्षिसापोटी दिलेला चेक बाउन्स झाला, तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ला कायद्याने वसूल होणारं देणं लागतं, आणि इथे तेच नसतं.

गैरसमज : कोर्टाने हात वर केले, म्हणजे चालवणाऱ्याचं फावलं.

वस्तुस्थिती : लोक सर्वांत जास्त इथेच फसतात आणि गप्प बसतात, याची मला खरी चीड आहे. चालवणाऱ्यालाही उरलेले हप्ते कोर्टातून वसूल करता येत नाहीत. शिवाय ‘सीताराम विरुद्ध राधाबाई’ (१९६८) या निकालाने अपवाद सांगितले आहेत : बेकायदा हेतू अजून फारसा तडीस गेलेला नसेल, किंवा दोघांचा दोष सारखा नसेल, तर पैसे परत मागता येतात. फसवणूक झाली असेल तर फौजदारी तक्रार होते. ठेव म्हणून पैसे घेतले असतील तर १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार संरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त होऊ शकते.

तेव्हा कार्ड फाडू नका, पावत्या आणि मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवा, आणि बक्षीस मागायला दिवाणी कोर्टात जाण्याआधी पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्या.