दारफाळणीचा सण

आजच्या रायगड जिल्ह्यातील किनारी गावांत तेलाचा घाणा चालवणारा आणि शनिवारी तो बंद ठेवणारा, म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखला गेलेला बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला, आणि त्याच्या सणांची जुनी नावेही मराठीच राहिली. ज्यू पंचांगातील तिश्री महिन्याची प्रतिपदा, म्हणजे 'रोश हशाना' हा वर्षारंभ, त्यांच्यात 'नव्याचा सण' म्हणून, तर त्याच महिन्याच्या दहाव्या दिवशी येणारा 'योम किप्पूर', म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, 'दारफाळणीचा सण' म्हणून ओळखला जाई. आदल्या संध्याकाळी स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून माणसे घराची दारे लावून घेत आणि दुसरा दिवस मावळेपर्यंत उपास करीत; बाहेरच्या कोणाशी त्या काळात संबंध येऊ देत नसत.

नव्या वर्षापासून या उपासापर्यंतच्या दहा दिवसांमागची कल्पना हिशेबाची आहे. ज्यू धर्मशास्त्रावरील चर्चांचा प्राचीन संग्रह असलेल्या तालमुदात वर्षारंभी तीन ग्रंथ उघडले जातात असे म्हटले आहे: एक पूर्ण सज्जनांचा, दुसरा पूर्ण दुर्जनांचा आणि तिसरा मधल्यांचा. पहिल्या दोहोंचा निवाडा तेव्हाच होतो. मधल्यांचा योम किप्पूरपर्यंत राखून ठेवला जातो. जवळजवळ प्रत्येक माणूस या तिसऱ्या ग्रंथातलाच असणार, हे उघड असल्याने हे दहा दिवस सर्वांनाच लागू पडतात. पाडव्याला नवी वही घालणाऱ्या मराठी व्यापाऱ्याला ही प्रतिमा परकी वाटू नये; फरक एवढाच, की येथे जुनी बाकी पुढे ओढता येत नाही.

ती बाकी फेडायची कशी, याविषयी तालमुदाचा गाभा असलेली मिश्ना ही संहिता फार स्पष्ट आहे. माणसाने ईश्वराचा अपराध केला असेल तर योम किप्पूर त्याचे क्षालन करतो. पण दुसऱ्या माणसाचा केला असेल, तर त्या माणसाची समजूत काढल्याखेरीज त्या दिवसाचा काहीही उपयोग नाही. 'आता पाप करू, योम किप्पूर धुऊन काढील' असे मनात धरणाऱ्यालाही तो दिवस तारत नाही. म्हणजे ईश्वरालासुद्धा दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार येथे दिलेला नाही, आणि या साऱ्या विधीतील सर्वांत धीट विचार तोच आहे.

बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ आणि वैद्य मोशे बेन मैमोन, म्हणजेच मायमोनिडीझ, यांनी या तत्त्वाला व्यवहाराचे रूप दिले. नुकसानभरपाई दिली तरी क्षमा मागावीच लागते. ती नाकारली गेल्यास तिघांना बरोबर नेऊन पुन्हा विनवावे, असे तीनदा करावे, आणि तरीही समोरचा बधला नाही तर त्याला सोडून द्यावे, कारण आता दोष त्याच्याकडे जातो. दुखावलेली व्यक्ती गुरू असेल तर मात्र हजारदा जावे लागले तरी जावे. ती मरण पावली असेल, तर दहा जणांना थडग्याजवळ नेऊन त्यांच्यासमोर कबुली द्यावी. पश्चात्तापासाठीचा हिब्रू शब्द 'तेशुवा' म्हणजे परतणे, आणि त्याची मायमोनिडीझ यांनी सांगितलेली कसोटी अशी, की तोच मोह, तशीच संधी पुन्हा यावी, अंगात ताकदही असावी आणि तरी माणसाने ते कृत्य टाळावे. नुसत्या रडण्याला या कसोटीत जागा नाही.

प्रत्यक्ष योम किप्पूरला खाणेपिणे, स्नान, तेल लावणे, चामड्याची पादत्राणे आणि शरीरसंबंध वर्ज्य असतात. पापांची कबुली छातीवर मूठ मारीत आणि 'आम्ही' असे अनेकवचन वापरून दिली जाते, त्यामुळे जे पाप स्वतः केले नाही त्याचाही उच्चार प्रत्येकाच्या तोंडी येतो. सूर्यास्ताच्या सुमाराची अखेरची प्रार्थना 'नेइला' म्हणजे दारे मिटणे. स्वर्गाची दारे मिटण्यापूर्वीची ही शेवटची घटका. अनेक शतके मुख्य ज्यू जगापासून तुटून राहिलेल्या आणि बरेचसे हिब्रू विसरलेल्या या कोकणी समाजाने सणाला दाराचेच नाव द्यावे, हा योगायोग की जुन्या स्मृतीचा अवशेष, यावर तर्कच करता येतो. पुढे हिब्रू प्रार्थनांचा परिचय नव्याने झाल्यावर उपासाचा दिवस घराच्या बंद दाराआडून प्रार्थनामंदिरात आला. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी उभारलेल्या या समाजाच्या पहिल्या प्रार्थनामंदिराचे हिब्रू नाव 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, असे आहे.

उपास सुटल्यानंतरच्या दिवसाला जुने लोक 'शिळा सण' म्हणत. त्या दिवशी दारे उघडलेली असत, गोरगरिबांना दानधर्म होई आणि एकमेकांकडे जाणेयेणे सुरू होई.